पाच हजार लाल बँड मागवण्याआधी

पत्र: आम्ही बार्शीतले चौदा मित्रमैत्रिणी. आमच्यातल्या एकीच्या भाच्याला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे शरीरात पुरेसं हिमोग्लोबिन तयार न होणारा रक्ताचा आनुवंशिक आजार. दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त चढवायला सोलापूरला न्यावं लागतं. 8 मे हा जागतिक थॅलेसेमिया दिन, त्या निमित्ताने मनगटात घालायचे सिलिकॉनचे लाल बँड करून विकायचं ठरवलंय. 5000 बँड, प्रत्येकी 20 रुपये. वर 'मी थॅलेसेमियामुक्त' असं लिहायचं. पैसे सध्या एका मित्राच्या यूपीआयवर घेऊ आणि नंतर थॅलेसेमियाच्या मुलांना देऊ. मैत्रिणीची बहीण न्यू जर्सीला असते, तीही तिथल्या मंडळातून डॉलर जमवून पाठवते म्हणाली आहे. आमचं कुठे चुकतंय का? — एक वाचक, बार्शी

नमस्कार. काम मोलाचं आहे आणि ते जरूर करा. पण पत्रातल्या पाच गोष्टी बदलल्याशिवाय ऑर्डर देऊ नका: मजकूर, रंग, संख्या, किंमत आणि पैशाचं खातं. सगळ्यात आधी मजकूर, कारण तो चुकला तर बाकी सगळं बरोबर करूनही नुकसानच होईल.

'मी थॅलेसेमियामुक्त' हे शब्द काढून टाका. थॅलेसेमिया मायनर असलेला, म्हणजे या आजाराचं सदोष जनुक एकाच पालकाकडून आलेला, माणूस आजारी नसतो. त्याला रक्त चढवावं लागत नाही, औषध लागत नाही, तो सगळी कामं करतो. आई आणि वडील दोघेही मायनर असतील तेव्हाच प्रश्न येतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात बाळ मेजर असण्याची शक्यता 25 टक्के, मायनर असण्याची 50 टक्के आणि काहीच नसण्याची 25 टक्के असते. ही शक्यता प्रत्येक वेळी नव्याने तेवढीच राहते, पहिलं मूल मेजर झालं म्हणून पुढची तीन सुटत नाहीत. आता तुमचा बँड गावात फिरला की 'मुक्त' कोण आणि 'मुक्त नसलेलं' कोण, अशी विभागणी आपोआप होईल. जिची तपासणी मायनर आली ती मुलगी हा बँड घालणार नाही, आणि तिने का घातला नाही हे स्थळ बघायला आलेले लोक विचारतील. मग पुढच्या मुली तपासणीलाच येणार नाहीत. म्हणून बँडवर कोणाचाही निकाल सूचित होता कामा नये. घालणाऱ्याविषयी काही न सांगता बघणाऱ्याला एक काम सांगणारा मजकूर हवा. एका बाजूला 'थॅलेसेमिया', दुसऱ्या बाजूला 'लग्नाआधी एक तपासणी'. एवढं पुरे.

बँड बघून कोणी विचारलं, 'ही कसली तपासणी?', तर तुमच्या चौदाही जणांना नेमकं उत्तर देता आलं पाहिजे. आधी साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची नेहमीची तपासणी. त्यात एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) 80 च्या खाली किंवा एमसीएच (एका पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन) 27 च्या खाली असेल तर एचपीएलसी पद्धतीने, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजून, तपासणी करायची. त्यात एचबीए2 या हिमोग्लोबिनच्या प्रकाराचं प्रमाण साधारण 3.5 टक्क्यांच्या वर असेल तर बीटा थॅलेसेमिया मायनर असण्याची दाट शक्यता असते. यात दोन खाचखळगे आहेत. अंगात लोह फार कमी असेल तर एचबीए2 थोडं खाली येतं आणि मायनर असूनही आकडा ठीक दिसू शकतो. आपल्याकडे मुलींमध्ये लोहाची कमतरता सर्रास असते, त्यामुळे अहवाल डॉक्टरांना दाखवल्याशिवाय 'नॉर्मल आहे' असं कोणी परस्पर सांगू नये. दुसरं, नुकतंच रक्त चढवलेल्या माणसाची ही तपासणी भरवशाची नसते. तपासणी आयुष्यात एकदा नीट झाली की पुन्हा करावी लागत नाही. आणि कोणी 'आमचं लग्न झालंय, बायको दोन महिन्यांची गरोदर आहे' असं म्हणालं तर त्याला शिबिराची वाट बघायला लावू नका. दोघांची तपासणी त्याच आठवड्यात झाली पाहिजे, कारण दोघं मायनर निघाले तर गर्भाची तपासणी साधारण 10 ते 12 आठवड्यांच्या सुमारास करता येते आणि तेवढा वेळ हातात असावा लागतो.

बँड विकायच्या आधी ही तपासणी कुठे होते हे नक्की करा. सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि तुमच्या भागातल्या रक्तपेढ्यांत स्वतः जाऊन विचारा: एचपीएलसी इथेच होतं की नमुना बाहेर पाठवता, किती पैसे पडतात, अहवाल किती दिवसांनी मिळतो, अहवाल समजावून सांगायला समुपदेशक आहे का. पत्ता ठरला नसेल तर ऑर्डर थांबवा. बँड पाहून तपासणीला निघालेल्या माणसाला जायला जागाच मिळाली नाही, तर तो पुन्हा विचारायला येणार नाही.

आता रंग. थॅलेसेमिया म्हणजे रक्त, रक्त म्हणजे लाल, हे सगळ्यांना सुचतं. पण रुग्णालयात मनगटावरच्या पट्टीचा रंग ही सूचना असते. या बँडांची लाट आली ती 2004 मध्ये, नाइकी आणि लान्स आर्मस्ट्राँग फाउंडेशनच्या पिवळ्या लिव्हस्ट्राँग बँडमुळे. एक डॉलरला एक, आणि असे 8 कोटींहून जास्त बँड विकले गेले. त्याच वर्षी फ्लोरिडातल्या काही रुग्णालयांना हे बँड रुग्णांच्या हातातून काढायला लावावे लागले, कारण तिथे पिवळी पट्टी म्हणजे 'हृदय बंद पडल्यास पुन्हा सुरू करण्याचे उपचार करू नयेत' अशी खूण होती. पुढे 2008 मध्ये अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या संघटनेने लाल म्हणजे ॲलर्जी, पिवळा म्हणजे पडण्याचा धोका, जांभळा म्हणजे ती पुनरुज्जीवन न करण्याची सूचना, असे रंग सुचवले. आपल्याकडच्याही अनेक मोठ्या रुग्णालयांत लाल पट्टी ॲलर्जीसाठी आणि पिवळी पडण्याच्या धोक्यासाठी वापरतात.

तुमचा बँड सगळ्यात अभिमानाने कोण घालणार? तो भाचा, आणि त्याच्यासारखी दर तीन आठवड्यांनी वॉर्डात जाणारी मुलं. रक्त चढवताना ॲलर्जीची रिॲक्शन येऊ शकते, म्हणजे नेमक्या याच मुलांच्या बाबतीत लाल पट्टीचा गोंधळ परवडणारा नाही. शिवाय सलाईनची सुई लावायच्या हातावर घट्ट बँड नकोच. म्हणून लाल, पिवळा, जांभळा हे तिन्ही टाळा. मरून किंवा गडद निळा घ्या, अक्षरं पांढरी ठेवा. सोबतच्या कार्डावर एक ओळ छापा: 'रुग्णालयात दाखल होताना हा बँड काढून ठेवा.' तुमच्या गटात कोणी लेथवर, ड्रिलवर किंवा कारखान्यात काम करत असेल तर कामावर बँड नको, हेही सांगा. फिरत्या भागात अडकला तर सिलिकॉन पटकन तुटत नाही, ताणलं जातं आणि हात आत ओढला जातो. पाच वर्षांखालच्या मुलांना देऊ नका, ती चावतात आणि तुकडा घशात अडकू शकतो.

संख्या आणि किंमत यांचा हिशोब एकत्रच मांडू. पुढचे दर उदाहरणादाखल धरले आहेत, तुम्ही तीन ठिकाणांहून लेखी कोटेशन घ्या आणि आकडे बदलून बघा. 5000 बँड, दर 10 रुपये, म्हणजे 50,000. त्यावर 18 टक्के जीएसटी, 9,000. डायचे, म्हणजे अक्षरं कोरलेल्या साच्याचे, 2,500 आणि त्यावरचा कर धरून 2,950. वाहतूक 1,500. कार्ड दीड रुपयाप्रमाणे 7,500. एकूण 70,950 रुपये. 20 रुपयांनी विकायचे तर 3,548 वा बँड विकला जाईपर्यंत एक रुपयाही शिल्लक नाही. पाचच्या पाच हजार विकले तरी हाती 29,050. आता 500 बँड बघा. संख्या कमी म्हणून दर 16 धरू: 8,000, कर 1,440, डाय 2,950, वाहतूक 500, कार्ड दोन रुपयांप्रमाणे 1,000. एकूण 13,890. किंमत 50 रुपये ठेवली तर 278 बँडांत खर्च निघतो आणि सगळे विकले तर 11,110 उरतात. आणि हे 13,890 रुपये गावातल्या एखाद्या व्यापाऱ्याने किंवा तुम्ही चौदा जणांनी प्रत्येकी हजारभर घालून आधीच उचलले तर? मग विक्रीचे पूर्ण 25,000 कामाला जातात, आणि तुम्हाला कार्डावर प्रामाणिकपणे छापता येतं: 'बँडचा खर्च वेगळा भागवला आहे. तुमचे 50 रुपये पूर्ण तपासणीसाठी.' पाच हजार गिऱ्हाइकं शोधून जेवढे मिळणार होते, जवळजवळ तेवढेच पाचशे गिऱ्हाइकांत मिळतात. व्यापाऱ्याचं नाव कार्डाच्या मागे एका ओळीत चालेल, बँडवर नको.

किंमत एकच ठेवा, 50 ची नोट सुटी असते आणि हिशोब सोपा जातो. '20 किंवा इच्छेनुसार' असं ठेवलं तर बहुतेक लोक वीसच देतील. बँड हातात यायच्या आधी नोंदणी घ्या. ज्युनिअर कॉलेज, बँकेचे कर्मचारी, शिक्षकांची पतसंस्था, व्यायामशाळा, तुमच्या ओळखीची सगळी मंडळं. 300 नावं पैशांसकट नोंदली गेली तरच 500 ची ऑर्डर द्या. डाय तुमच्या नावावर त्यांच्याकडे किती महिने राहील हे विचारून ठेवा, म्हणजे माल संपला तर दुसऱ्या खेपेला डायचे पैसे पुन्हा भरावे लागणार नाहीत.

मालाविषयी बारकाईने सांगतो, कारण फसवणूक इथेच होते. मोठ्या माणसाचा नेहमीचा बँड 202 मिलिमीटर घेराचा, 12 मिलिमीटर रुंद आणि 2 मिलिमीटर जाड असतो. शाळकरी मुलांना 180 चा बसतो. पण 202 चा बँड बारीक मनगटाच्या मुलींच्या हातातून निसटतो आणि मग तो घरी ड्रॉवरमध्ये पडून राहतो. 190 चा मिळत असेल तर निम्मे तसे घ्या, मात्र वेगळ्या मापाला वेगळी डाय लागेल, तो खर्च आधी विचारा. सिलिकॉन शंभर टक्के आहे का हे बघायला नमुना चिमटीत धरून जोरात ताणा आणि दुमडा. दुमडीवर पांढुरकी रेघ उठली तर त्यात स्वस्त भर घातली आहे किंवा तो पीव्हीसी आहे. असा बँड उन्हाळ्यात घामाने चिकट होतो, वास मारतो, आणि काही जणांना पुरळ येतं. कडेवरून नख फिरवा. साच्याच्या सांध्यातून बाहेर आलेली पातळ झालर कापलेली नसेल तर ती मनगटाला ओरखडे काढते.

अक्षरांचे प्रकार तीन. वरून छापलेली अक्षरं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी जाणारी, सॅनिटायझर आणि भांड्यांचा साबण यांनी महिन्या-दोन महिन्यांत पुसट होतात. खोदलेली अक्षरं टिकतात, पण त्याच रंगात असल्याने लांबून वाचता येत नाहीत. खोदून आत रंग भरलेली सगळ्यात बरी, फक्त रंग सिलिकॉनचाच भरणार का हे विचारा, साधी शाई भरली तर तिचे टवके उडतात.

देवनागरीची अडचण इथे खास आहे. 12 मिलिमीटर रुंदीतून वरखालची मोकळी जागा सोडली की साधारण 8 मिलिमीटर उरतात. त्यात वर वेलांटी, मात्रा आणि 'थॅ'चा चंद्र, खाली उकार. म्हणजे मुख्य अक्षराला साडेचार-पाच मिलिमीटर. बारीक रेघांचा फाँट घेतला तर खोदताना रेघा बुजतात, आणि फार ठळक घेतला तर 'ले' आणि 'से'ची पोटं भरून जातात. मध्यम जाडीचा, साधा, गोल वळणाचा फाँट घ्या. जोडाक्षरं कमीत कमी ठेवा, 'लग्ना'मधला 'ग्ना' एक चालेल, पण 'स्वास्थ्य', 'राष्ट्रीय' असले शब्द नकोत. आणि फाइल कधीही नुसती टाइप करून व्हॉट्सॲपवर पाठवू नका. समोरच्याच्या संगणकावर तो फाँट नसेल तर वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते आणि त्यांना मराठी येत नसल्यामुळे ते तसंच कोरतात. गावातल्या डीटीपीवाल्याकडून कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर बसवून, फाँट कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांचं चित्र करून), पीडीएफसह पाठवा. प्रूफ तिघांनी वेगवेगळं वाचायचं, त्यातला एक जण 'थॅलेसेमिया' अक्षर अक्षर मोठ्याने म्हणत वाचेल. डायवर कोरलेली चूक दुरुस्त होत नाही, नवीनच करावी लागते. मंजुरी फोटोवर देऊ नका, साच्यातून काढलेला खरा नमुना कुरिअरने मागवा. यासाठी आठवडाभर जास्त धरा. मे महिन्यात वाटायचे असतील तर मार्चच्या मध्याला मजकूर पक्का झालेला बरा.

क्यूआर कोड बँडवर छापायचा मोह होईल. 12 मिलिमीटरच्या वाकलेल्या पट्टीवर तो स्कॅन होत नाही. तो कार्डावर घ्या. कार्ड पोस्टकार्डाच्या निम्मं असलं तरी चालतं. त्यावर संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक, तपासणी कुठे होते तो पत्ता आणि वार, सीबीसी-एचपीएलसीच्या दोन ओळी, पैसे कशाला वापरणार ते, आणि तक्रारीसाठी एक फोन. खरं काम हे कार्ड करतं, तेव्हा त्याचे दोन रुपये वाचवू नका.

पैशाचं खातं हा सगळ्यात नाजूक भाग. मित्राच्या यूपीआयवर एकही रुपया घेऊ नका. तो कितीही सचोटीचा असला तरी ते त्याचं वैयक्तिक उत्पन्न दिसतं, त्याच्या घरखर्चाच्या व्यवहारात मिसळतं, आणि उद्या कोणी गावात शंका काढली तर त्याच्याकडे दाखवायला काही नसतं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदणी नसलेल्या गटाने धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे जमवायचे तर कलम 41 क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यायची असते आणि नंतर हिशोब सादर करायचा असतो. गणेश मंडळं वर्गणीसाठी जी परवानगी काढतात, तीच ही. तुमच्यासाठी सोपा मार्ग म्हणजे सोलापूर जिल्ह्यातली थॅलेसेमियावर किंवा रक्तदानावर काम करणारी नोंदणीकृत संस्था गाठणं. तिच्याशी एक पानी लेखी करार करा: क्यूआर संस्थेच्या खात्याचा, पावत्या संस्थेच्या, पैसे फक्त ठरलेल्या कामाला, आणि शिबिरानंतर महिनाभरात खर्चाचा तपशील तुम्हाला मिळेल. रोखीसाठी अनुक्रमांकाची पावतीपुस्तकं, दर संध्याकाळी दोघांच्या सह्यांनी बंद होणारी वही: किती बँड नेले, किती परत आले, रोख किती, यूपीआय किती. बेरीज त्याच दिवशी जुळवा. आठवड्याने जुळवायला बसलात तर जुळत नाही, आणि मैत्रीत वितुष्ट येतं ते इथे.

कोणी 80जीची, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीची, पावती मागेल. 50 रुपयांत त्याने वस्तू विकत घेतली आहे, ती देणगी नव्हे, तेव्हा त्यावर 80जी मिळत नाही. ज्याला जास्त द्यायचं आहे त्याने संस्थेला वेगळी देणगी द्यावी, पॅन द्यावा, आणि 2000 रुपयांच्या वर असेल तर रोख देऊ नये, कारण त्यापुढच्या रोख देणगीवर करसवलत नाही.

'थॅलेसेमियाच्या मुलांना देऊ' हे फार मोघम आहे. या मुलांना रक्त मोफत द्यावं असं सरकारी धोरण आहे, आणि अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश आहे, त्यामुळे अपंगत्वाचं यूडीआयडी कार्डही काढता येतं. घराचे पैसे जातात ते प्रवासात, बुडालेल्या रोजगारात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी गाळणाऱ्या फिल्टरवर, आणि शरीरात साठणारं लोह बाहेर काढणाऱ्या औषधांवर. पंचवीस हजारांत हे सगळं भागणार नाही. बँडवर तुम्ही तपासणीबद्दल बोलताय, तर पैसेही तपासणीलाच लावा: ज्यांना खर्च झेपत नाही अशा कॉलेजच्या मुलामुलींचं एचपीएलसी. प्रयोगशाळेशी शिबिराचा दर ठरवा आणि 'इतक्या बँडांतून एक तपासणी' असा हिशोब कार्डावर छापा. भाच्यासाठी काही करायचं असेल तर ते घरच्यांना विचारून, वेगळं आणि शांतपणे करा. त्याचं नाव किंवा फोटो प्रचारात वापरू नका. तो उद्या मोठा होणार आहे, गावाने त्याला पोस्टरवरून ओळखावं हे त्याने ठरवलेलं नाही.

पोस्टरसाठी कोणा नामवंताला घेऊ नका, असंही सुचवतो. लिव्हस्ट्राँगचं सगळं बळ लान्स आर्मस्ट्राँग या एका सायकलपटूच्या नावात होतं. 2012 मध्ये उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात त्याची टूर द फ्रान्सची विजेतेपदं गेली, पुढच्या वर्षी नाइकीने तो माल बंद केला. संस्थेचं कर्करोगाचं काम खरं होतं, तरी झळ तिलाही बसली.

राहिली न्यू जर्सीची गोष्ट. तिथल्या मंडळाने जमवलेले डॉलर ही परदेशी देणगी आहे, आणि केंद्रीय गृह मंत्रालयाची एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला ती घेता येत नाही. नोंदणी असलेल्या संस्थेलाही ती आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठराविक खात्यातच घ्यावी लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गे दिलेले पैसे यात धरत नाहीत, पण अमेरिकी नागरिकत्व घेतलेल्याचे, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) असलं तरी, धरतात. तेव्हा बहिणीला सांगा, गोळा करून पाठवू नकोस. मंडळाला द्यायचंच असेल तर त्यांनी एफसीआरए असलेल्या संस्थेला थेट द्यावं. तिच्याकडचा पासपोर्ट भारतीय असेल तर तिने स्वतःपुरती देणगी संस्थेच्या खात्यावर पाठवावी, सोबत पासपोर्टची प्रत द्यावी, आणि संस्थेने ती पावतीला जोडून ठेवावी.